डेस्कटॉप घरचा, लॅपटॉप कुणाचा?



आपल्या घरांतून डेस्कटॉप संगणक एकेक करून निघू लागला आहे आणि त्याच्या जागी महागडा लॅपटॉप येतो आहे. लॅपटॉपला माझा विरोध नाही. उलट झरी जामणीसारख्या गावी लॅपटॉपच बरा, हे मी पुढे सांगणारच आहे. माझा विरोध आहे तो ही अदलाबदल ज्या रीतीने होते, त्या रीतीला. टेबलावरचा डेस्कटॉप सगळ्या घराचा होता. त्यावर दुकानाची बिले होत, नातवाचा अभ्यास होई, पाठशाळेच्या मुलांची यादी छापली जाई आणि दुपारचे दोन तास तो घरच्या बाईचा असे. लॅपटॉप मात्र एकाच्या बॅगेत येतो आणि त्याच बॅगेतून नागपूरला, पुण्याला, हैदराबादला निघून जातो. मागे राहते रिकामे टेबल आणि "आई, तुला काय, मोबाईलवर होतं की सगळं" हे वाक्य.

माझे म्हणणे साधे आहे. ज्या घरी हिशेब बाई ठेवते, त्या घरचे यंत्र बाईने निवडावे, चांगले निवडावे, आणि ते तिच्या टेबलावर राहावे.

विषय आत्ताच का काढला, तेही सांगते. २०२५ च्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या देणे बंद केले. आपल्याकडच्या बहुतेक डेस्कटॉपवर विंडोज १० किंवा त्याहूनही जुने विंडोज आहे. तेव्हापासून वणी घ्या, पांढरकवडा घ्या, की पैनगंगा ओलांडून आदिलाबाद घ्या, दुकानात पाय ठेवला की पहिले वाक्य ऐकू येते, "काकू, तुमचा डेस्कटॉप आता भंगारात गेला समजा." आणि दुसरे वाक्य, "आता घ्याच तर लाखाच्या वरचा घ्या, म्हणजे दहा वर्षं पाहायचं काम नाही."

मी कॉमर्सची पदवीधर आहे. चाळीस वर्षांपूर्वी रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज हाताने लिहायला शिकले, आणि पुढे तेच काम टॅलीमध्ये करू लागले. त्यामुळे कुणी लाखाची गोष्ट काढली की मी आधी विचारते, लाख रुपये कशाचे?

आधी पाहा, डेस्कटॉप खरोखर गेला का?

विंडोज १० ला दुरुस्त्या मिळणे थांबले म्हणून यंत्र बंद पडत नाही. ते पूर्वीसारखेच चालते, फक्त नव्या धोक्यांपासून त्याला संरक्षण मिळत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे आणि जीएसटीचे काम होते, त्याच्यासाठी ही गोष्ट गंभीर आहे, हे खरे. पण त्यावर उपाय आहेत आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही.

पहिला उपाय विंडोज ११. त्यासाठी यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ही आठवी पिढी २०१७ मध्ये आली. म्हणजे त्यानंतरच्या वर्षांत घेतलेला डेस्कटॉप असेल, तर तो फुकटात विंडोज ११ वर जाण्याची चांगली शक्यता आहे. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन दोन मिनिटांत उत्तर देते. ते 'नाही' म्हणाले तरी लगेच हार मानू नका. काही यंत्रांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. ते चालू करून पुन्हा तपासा.

दुसरा उपाय मुदतवाढीचा. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव योजना ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे घाईने, दुकानदाराच्या दडपणाखाली खरेदी करण्याचे कारण नाही.

आणि "फार हळू चालतो" ही तक्रार असेल, तर दहापैकी आठ वेळा दोष आतल्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच यंत्र टुणकन उठते. हा खर्च नव्या लॅपटॉपच्या खर्चाचा एक लहानसा भाग आहे. यंत्र विंडोज ११ ला पात्र असेल, तर एसएसडी बसवा आणि विषय संपवा. पुढचा लेख वाचण्याचीही गरज नाही.

पण यंत्र दहा-बारा वर्षांचे असेल, यूपीएस दर दोन-तीन वर्षांनी नवी बॅटरी मागत असेल, आणि विंडोज ११ ला ते चालत नसेल, तर ते बदलावे. त्याने आपले काम चोख केले आहे.

"मोबाईलवर होतं की" याला उत्तर

मोबाईलवर हिशेब बघता येतो, लिहिता येत नाही. चारशे ओळींची खतावणी सहा इंचांच्या पडद्यावर बोटाने सरकवत बसणे याला काम म्हणत नाहीत. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत ३बी भरणाऱ्या दुकानाची बिले ज्या घरी बाई नोंदवते, तिथे तिला विचारा. एक आकडा चुकला की सीएंचा फोन येतो, आणि तो आकडा मोबाईलवर शोधता शोधता डोळे दुखतात.

महाराष्ट्रात असंख्य बायकांनी एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स केला आहे. आपल्यातही कितीतरी जणी आहेत. सुना तर बी.कॉम., एम.कॉम., काही इंजिनिअर आहेत. त्यांचे प्रमाणपत्र कपाटात आणि हात मोबाईलवर. घरातला संगणक गेला की ही शिकलेली बाई लिहिणारीची बघणारी होते. तिला येणारे काम पाच-सहा वर्षांत हातातून जाते आणि मग "तिला कुठे जमते" असे म्हणायला घर मोकळे होते. मोबाईल पुरतो म्हणणाऱ्या मुलांना मी एवढेच विचारते, तुझे ऑफिसचे काम तू मोबाईलवर करतोस का?

झरीत लॅपटॉप का बरा

मोठ्या शहरात बसून सल्ला देणारे सांगतात, एका जागी बसून काम करायचे तर डेस्कटॉप घ्या. त्याच पैशात जास्त ताकद मिळते, मोठा पडदा मिळतो, एकेक भाग बदलता येतो. हे सगळे बरोबर आहे. पण ते आमच्या विजेचा विचार करत नाहीत.

पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. साधा ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे देतो, तेवढ्यात फाईल जतन करून यंत्र बंद करायचे. चांगला लॅपटॉप सहा-आठ तास चालतो. वीज गेल्याची त्याला खबरच नसते. महिनाअखेरीला, शेतमाल विकून आलेल्या माणसांची उधारी वळती होत असताना, हा फरक फार मोठा असतो.

विजेच्या बिलाचाही हिशेब मांडते. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १२० वॉट धरा, लॅपटॉप ४० वॉट. रोज ५ तास, वर्षाचे ३०० दिवस. डेस्कटॉप १८० युनिट खातो, लॅपटॉप ६०. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १,२०० रुपये वाचतात. यूपीएसच्या बॅटरीचा खर्च वेगळाच.

मात्र आमच्याकडे लॅपटॉपचे दोन वैरी आहेत, ऊन आणि धूळ. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेले असते. आमचा मे महिना ४४-४५ अंशांचा. म्हणून लॅपटॉप गादीवर, उशीवर कधीच ठेवू नये, टेबलावर ठेवावा, आणि दुपारच्या भट्टीत जड काम करू नये. कापसाच्या हंगामात हवेतले तंतू पंख्याच्या जाळीत अडकतात, वणीकडे कोळशाची धूळ असते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, लॅपटॉप उघडून पंखा साफ करून घ्या. घर झाडतो तसे हेही झाडायचे काम आहे. आणि सतत चार्जरला लावून ठेवणार असाल, तर सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. बऱ्याच कंपन्या ही सोय देतात. बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम, अशी राहिली की लवकर म्हातारी होते.

भारी म्हणजे नेमके काय?

खरा वाद इथे आहे. 'भारी लॅपटॉप' म्हटले की दुकानदार दोन वस्तू पुढे करतो. एक गेमिंगचा: अडीच किलोचा, लाल-निळे दिवे, विटेएवढा चार्जर. दुसरा पत्र्यासारखा पातळ, चकचकीत, हातात धरला की सून खूश.

गेमिंगच्या यंत्रात किमतीचा मोठा भाग ग्राफिक्स कार्डाचा असतो. टॅलीला, एक्सेलला, प्रवचनाच्या व्हिडिओला त्याचा उपयोग शून्य. ते कार्ड बॅटरी खाते आणि उष्णता सोडते. घरात व्हिडिओ संकलन किंवा इमारतींचे आराखडे करणारे कुणी असेल तर ठीक, नाहीतर ते पैसे पाण्यात.

पातळ यंत्र दिसायला सुंदर, पण त्यातल्या अनेकांत रॅम मूळ पाटीवरच जोडलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही, बिघडली तर सुटी बदलता येत नाही. अॅपलचे मॅकबुक उत्तम यंत्र आहे, बॅटरी छान टिकते, पण त्यात रॅम वाढवता येत नाही आणि टॅली थेट मॅकवर चालत नाही. जिच्या घरचा हिशेब टॅलीत आहे, तिने हे पैसे देण्याआधी ऐकावे.

तर मग पैसे कशाला द्यावेत? माझी यादी अशी आहे.

रॅम १६ जीबी, आणि शक्यतो एक खाच रिकामी. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चांगलेच चढले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरकडे चिपा वळल्या आहेत. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. म्हणून "८ जीबी घ्या, नंतर वाढवू" हा सल्ला सध्या महागात पडेल.

एसएसडी ५१२ जीबी. प्रोसेसर चालू पिढीतला मधल्या दर्जाचा पुरे. नावाच्या शेवटचे अक्षर पाहा. यू असेल तर कमी वीज, कमी उष्णता. एच किंवा एचएक्स असेल तर जास्त ताकद आणि जास्त उष्णता. आपल्या कामाला यू पुरतो.

पडदा १५ किंवा १६ इंचांचा, चमक न मारणारा. साठीच्या डोळ्यांना ही चैन नव्हे, गरज आहे. पडदा थोडा उंच, म्हणजे १६:१० प्रमाणाचा मिळाला, तर खतावणीच्या चार ओळी जास्त दिसतात.

आकड्यांचा वेगळा कीपॅड. ही गोष्ट कुठलीही जाहिरात सांगत नाही, पण हिशेब लिहिणारीला तीच सगळ्यात महत्त्वाची. १४ इंची यंत्रात तो बहुधा नसतो. १५-१६ इंचीत अनेकदा असतो, तरी दुकानात स्वतः बघून घ्या.

जोडण्या: प्रिंटर आणि डिजिटल सहीच्या टोकनसाठी जुनी चौकोनी यूएसबी, आणि जुन्या मॉनिटरसाठी एचडीएमआय. मॉनिटर फारच जुना, व्हीजीएचा असेल, तर मधला अडॅप्टर लागेल. डेस्कटॉपचा मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस टाकून देऊ नका. लॅपटॉप त्याला जोडा. मान खाली घालून तासन्‌तास बसणे टळते, आणि एक फायदा असा की टेबल टेबलच राहते.

शेवटी सेवा. आमच्या गावी कुठल्याही कंपनीचे सेवा केंद्र नाही. म्हणून तीन वर्षांची, घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी घ्या, आणि पैसे देण्याआधी कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारा, "आमच्या पिनकोडला माणूस येतो का?" उत्तर 'नाही' असेल तर ते यंत्र कितीही भारी असो, आपल्यासाठी ते हलकेच.

घसाऱ्याचा हिशेब

आता पैशाचे बोलू. समजा एक लॅपटॉप ३८,००० चा आहे आणि चार वर्षे रखडतो. वर्षाला ९,५०० पडले. दुसरा ८०,००० चा आहे आणि आठ वर्षे नीट चालतो. वर्षाला १०,००० पडले. तिसरा १,६०,००० चा आहे, तोही आठच वर्षे चालतो. वर्षाला २०,०००.

पहिल्या दोघांत वर्षाला फक्त ५०० चा फरक आहे, आणि त्या ५०० मध्ये तुम्ही एक यंत्र कमी फेकता, एकदा कमी डेटा हलवता आणि चार वर्षे चरफडत बसत नाही. तिसऱ्यात मात्र दुप्पट पैसे जातात आणि आपले काम तेवढेच होते. म्हणून मी स्वस्ताच्याही विरोधात आहे आणि दिखाऊ महागाच्याही.

दुकानाच्या नावाने घ्यायचा असेल तर आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. ७०,००० अधिक १८ टक्के जीएसटी १२,६००, मिळून ८२,६००. यंत्र व्यवसायासाठी असेल तर १२,६०० चे क्रेडिट मिळू शकते, मात्र मग त्या रकमेवर घसारा घेता येत नाही. पूर्ण वर्षे धरली तर ७०,००० चे पुस्तकी मूल्य पहिल्या वर्षाअखेर ४२,०००, मग २५,२००, मग १५,१२०. पुस्तकात यंत्र लवकर म्हातारे होते, टेबलावर नाही. "बुकात संपला, आता बदला" असे म्हणणाऱ्या मुलाला हा फरक समजावून सांगा.

आणि एक धोका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 'ग्राहक' धरला जात नाही. स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी वापर असेल तर अपवाद आहे. म्हणजे जीएसटी क्रमांक टाकून बिल घेतले आणि यंत्र सदोष निघाले, तर समोरचा हा मुद्दा काढू शकतो. घरच्या वापरासाठी, तुमच्या नावाने बिल घेतले तर तो मुद्दा काढणे समोरच्याला अवघड जाते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवर तुम्ही निर्धास्त फोन करू शकता. १२,६०० वाचवायचे की हा हक्क राखायचा, हे ठरवताना दोन्ही बाजू मांडा.

"आपण अपरिग्रही, आपल्याला कशाला भारी?"

हे वाक्य मी आपल्याच बायकांच्या तोंडून ऐकते, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. गंमत अशी की मुलाच्या मोटारसायकलीच्या वेळी, लग्नातल्या मांडवाच्या वेळी हे वाक्य कुणाला आठवत नाही. घरच्या बाईच्या वस्तूची वेळ आली की अपरिग्रह जागा होतो.

परिग्रह-परिमाण म्हणजे मर्यादा ठरवणे. मर्यादा किमतीची असते, तशी संख्येचीही असते. दर तीन-चार वर्षांनी स्वस्त यंत्र आणणारे घर जास्त परिग्रही की एकच नीट यंत्र आठ वर्षे वापरणारे? शिवाय आपल्या आचार्यांनी परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, वस्तूवरच्या आसक्तीत सांगितले आहे. हिशेबासाठी घेतलेले साधन आसक्ती नाही. शेजाऱ्याला दाखवायला घेतलेले दिवेवाले यंत्र मात्र नक्कीच आहे. आणि अनर्थदंडाचा विचार केला, म्हणजे कारण नसताना होणारी हिंसा, तर न लागणारे ग्राफिक्स कार्ड आणि चार वर्षांत भंगारात गेलेला लॅपटॉप दोन्ही त्यातच बसतात. त्याग आपण आपल्या मनाने करायचा असतो. दुसऱ्याने आपल्या वाट्याचे काढून घेतले तर त्याला त्याग म्हणत नाहीत.

किल्ली कुणाकडे?

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे लिहायला बसले, ती सांगते.

डेस्कटॉप टेबलावर उघडा पडलेला असे. त्याचा पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत. लॅपटॉप तसा नाही. तो एकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडतो, एकाच्या बोटाच्या ठशाने उघडतो. त्यातही नव्या विंडोज ११ च्या अनेक यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागते. त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. चोरी झाली तर हे कुलूप चांगले आहे. पण काही बिघाड झाला, पाटी बदलली, तर यंत्र ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली ज्याच्या खात्याने यंत्र सुरू केले, त्याच्या खात्यात जतन असते. ती मिळाली नाही, तर आतला डेटा कुठलाही मेकॅनिक काढून देऊ शकत नाही.

आता विचार करा. घरचा कर्ता पुरुष अचानक गेला. दुःख तर आहेच. पण तेराव्या दिवसानंतर प्रश्न येतात, कुणाकडून किती येणे, कुणाला किती देणे, विम्याची पावती कुठे, बँकेत कुणाचे नामनिर्देशन. पूर्वी वह्या होत्या, त्या उघडता येत. मग डेस्कटॉप होता, तोही उघडता येई. आता तो सगळा संसार एका बंद लॅपटॉपमध्ये आहे आणि त्या घरची बाई, जिने वीस वर्षे त्याच नोंदी केल्या, ती त्याच्यापुढे अनोळखी माणसासारखी बसली आहे. ज्यांना देणे आहे ते दारात येतात. ज्यांच्याकडून येणे आहे ते येत नाहीत. हे अमंगळ बोलते म्हणून रागावू नका. असे प्रसंग आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या घरांत आहेत.

म्हणून यंत्र कुठल्या कंपनीचे यापेक्षा ते कुणाच्या खात्याने सुरू झाले, हा प्रश्न मोठा आहे. माझा आग्रह असा: घरचा लॅपटॉप सुरू करताना पहिले खाते घरच्या बाईचे असावे. मुलगा, नवरा, सीए यांची खाती वेगळी करून देता येतात. ४८ आकडी किल्ली कागदावर छापून दागिन्यांच्या डब्यात ठेवावी. महिन्यातून एकदा टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि ती डिस्क वेगळ्या कपाटात ठेवावी. मुलाला पुण्याला लॅपटॉप लागतो, तर तो त्याचा त्याने घ्यावा. घरचा घरी राहावा.

दिवाळीला, वीर निर्वाणाच्या पर्वात, आपल्याकडे वहीपूजन होते. हल्ली वहीच्या शेजारी लॅपटॉपही ठेवतात आणि त्याला कुंकू आपणच लावतो. कुंकू लावायला हात बाईचा चालतो, तर पासवर्ड बाईचा का चालू नये?

जुन्या यंत्राला निरोप

डेस्कटॉप काढण्याआधी तीन कामे. टॅलीचे लायसन्स जुन्या यंत्रावरून 'सरेंडर' करा, म्हणजे नव्यावर चालू करता येईल. सगळा डेटा, फोटो, जुन्या श्री-लिपीतल्या पत्रिका आणि त्या उघडणारे फाँट बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि आतली हार्ड डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा.

चालू यंत्र असेल तर एसएसडी घालून कुठल्या तरी होतकरू मुलाला द्या, झरी, मुकुटबन, पाटणच्या शाळांत अशी मुले पुष्कळ आहेत. बंदच पडले असेल तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. तिथे तांब्यासाठी तारा जाळतात, सोन्याच्या कणांसाठी पाट्या आम्लात घालतात, आणि हे काम कुणाच्या तरी मुलांच्या हातून होते. जुन्या जाड मॉनिटरच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार वापरून झालेल्या यंत्राची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रामार्फत लावण्याची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. कंपनीला फोन करा, नाहीतर नागपूरला जाताना नोंदणीकृत केंद्रात नेऊन द्या.

भगिनींनो, खरेदीला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या, त्याला जास्त कळते ते त्याच्याकडून शिका. पण दुकानदाराने "कुणासाठी घ्यायचा आहे?" असे विचारले, की मुलाच्या आधी तुम्ही उत्तर द्या, "माझ्यासाठी." कीपॅडवर बोटे फिरवून पाहा, पडद्यावरची अक्षरे चष्मा लावून वाचून पाहा, पिनकोडचा प्रश्न विचारा. आणि घरी आल्यावर खोका उघडण्याआधी ठरवून टाका, पहिले खाते कुणाचे.

जय जिनेंद्र.